साष्टीच्या मोहिमेंतील तोफांचा जमाखर्च
(इ. स. १७३७ ते १७३९)

वसईच्या मोहिमेंत मराठ्यांस गांवें किती मिळालीं व किल्ले किती आले, याच्या यादी पुष्कळ वेळां छापल्या गेल्या आहेत. त्या मोहिमेंतील शौर्याचें वर्णनहि कमी झालेलें नाहीं. परंतु खाडी ओलांडून एक बेट जिंकतांना कोणत्या पक्षाचें कोणतें युद्धसाहित्य गेलें, तें कोणाच्या पदरीं पडलें, आणि त्या देवघेवीचा पुढील युद्धावर काय परिणाम झाला, या बाजूनें विचार क्वचितच केला जातो. प्रस्तुत लेखांत तो करण्याचें योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, साष्टी बेट मराठ्यांनीं तोफांवांचून घेतलें, मात्र तें त्यांनीं राखलें तोफांच्या जोरावर. आणि पोर्तुगीजांचा तोफखाना युद्धांत फुटण्यापूर्वींच गैरव्यवस्थेनें व कर्जानें खचला होता.

आरंभीं दोन खुलासे केले पाहिजेत. साष्टी नांवाचे दोन प्रांत पोर्तुगीजांकडे होते: एक ठाण्याचें बेट व दुसरा गोव्यांतील मडगांवचा प्रांत. दोन्ही नांवें सहासष्ट गांवांवरून पडलीं असें मानतात. इ. स. १७३९ च्या जानेवारींत व्यंकटराव घोरपडे यांनीं मडगांवाकडे चाल केली ती दुसऱ्या साष्टींतील होय. कागद वाचतांना ही गफलत होऊं देऊं नये. दुसरा खुलासा तारखांचा. त्या काळीं इंग्रजांची जुनी गणना पोर्तुगीजांच्या नव्या गणनेहून ११ दिवसांनीं मागें असे. म्हणून ठाण्यावरील छापा एके ठिकाणीं मार्चच्या अखेरीस व दुसरे ठिकाणीं ६ एप्रिल १७३७ रोजीं दिलेला आढळतो, आणि वसईचा तह ५ मे किंवा १६ मे १७३९ असा लिहिलेला असतो. यांत विरोध नाहीं. पुढें नवी गणनाच वापरली आहे.

आतां भूमीकडे पाहूं. राजमाचीच्या डोंगरांत उगम पावणारी उल्हास नदी बदलापुरावरून, शके ९८२ मध्यें बांधलेल्या शिवालयामुळें प्रसिद्ध असलेल्या अंबरनाथाच्या परिसरांतून, व तिचेंच नांव इ. स. १९४९ मध्यें ज्या वसाहतीस देण्यांत आलें त्या उल्हासनगराजवळून कल्याणास येते. तेथून पुढें तिची खाडी होते. ती साष्टीच्या उत्तर अंगानें घोडबंदरावरून जाऊन वसईपाशीं समुद्रास मिळते. पूर्वेस ठाण्याची खाडी व दक्षिणेस माहीमची खाडी, असें हें बेट चहूंकडून पाण्यानें वेढलेलें होतें. घांटावरून साष्टीकडे येणाऱ्या फौजेस कल्याण प्रांतावांचून दुसरा सोईचा तळ नव्हता. बदलापूर हें नांव घोडे बदलण्याच्या ठाण्यावरून पडलें अशी त्या भागांतील समजूत आहे. नांवाची व्युत्पत्ति म्हणजे पुरावा नव्हे. पण त्या वाटेनें स्वारांची ये-जा किती होती याची आठवण ह्या समजुतींत राहिली आहे. इ. स. १७१९ मध्यें रामचंद्र महादेव चासकर यांनीं कल्याण हस्तगत केलें, तेव्हांच साष्टीचा पूर्व दरवाजा मराठ्यांच्या हातीं आला.

परंतु ह्या वाटेनें माणूस व घोडा येणें निराळें आणि किल्ला फोडणारी तोफ येणें निराळें. मोठी तोफ घांटानें उतरवावयाची तर बैलांच्या अनेक जोड्या, दोरखंडें व दिवसानुदिवस खर्ची घालावे लागतात. ती खाडीच्या कांठीं पोंचली तरी पुढें खाजण लागतें. ओहोटीच्या चिखलांत माणूस गुडघ्यापर्यंत रुततो, तर गाड्यावरची तोफ आंसापर्यंत. मचव्यांत व होड्यांत ती चढविली तरी नाव कलंडण्याची धास्ती असतेच. शिवाय समुद्रावर पोर्तुगीजांचें आरमार प्रबळ होतें. गाजावाजा होऊन त्यांचीं गलबतें खाडींत शिरलीं असतीं तर तोफा व त्यांसह नावा एकदमच तळाशीं जात्या.

चिमाजी आप्पांचा बेत या अडचणीस धरूनच होता. अंजूरच्या नाईक बंधूंकडून त्यांस बेटांतील वाटांची व पहाऱ्यांची माहिती मिळत होती. फौजा गुप्तपणें कल्याण प्रांतांत जमल्या. शके १६५९ च्या चैत्र शुद्ध पक्षांत, ६ एप्रिलच्या रात्रीं, खाडी ओलांडून ठाण्यावर छापा घालण्यांत आला. तिथीचा हिशोब केला असतां तो षष्ठी-सप्तमीचा सुमार येतो. त्या तिथींस चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळतो, व भरती उधाणाची नसून भांगाची असते, म्हणजे पाण्याची ओढ कमी असते. अंधार व संथ पाणी ह्या दोन्ही गोष्टी हलक्या नावांस अनुकूल आहेत. हा योग मुद्दाम साधला असावा असा आमचा तर्क आहे. कांठावर राहणाऱ्या वाटाड्यांस भांग व उधाण ह्यांतील फरक सांगावा लागत नाहीं.

पोर्तुगीजांच्या खर्चाची पहिली रक्कम येथेंच पडली. विजरई कोंद द सांदोमिल याच्या कारकीर्दींत ठाण्यास नवा किल्ला बांधण्यास सुरुवात झाली होती, पण १७३७ मध्यें तो अपुरा होता. अपुऱ्या तटावरील तोफ ही शत्रूसाठीं ठेवलेली ठेवच होय. उत्तर प्रांताचा सेनापति लुईश बोतेल्यु हा बेट सोडून करंजास गेला. ठाणें पडलें व पाठोपाठ साष्टीचा बहुतेक भाग गेला. वेसावें, धारावी, वांद्रें अशीं कांठची ठिकाणें तेवढीं कांहीं काळ पोर्तुगीजांकडे राहिलीं. वसईवर मात्र त्याच वर्षीं केलेले हल्ले फसले. ठाणें एका रात्रींत व वसई दोन वर्षांत, हा फरक शौर्याचा नव्हे. वसईचा तट पुरा होता व त्यावर तोफा जागच्या जागीं होत्या. तटास भगदाड पाडील असा सरंजाम मराठ्यांजवळ अजून नव्हता.

मध्यंतरीं मराठ्यांनीं ठाण्याचा अपुरा किल्ला पुरा करून लढता केला. त्याची परीक्षा १७३८ च्या डिसेंबरांत झाली. पेद्रु द मेलु हा नवा पोर्तुगीज सेनापति गलबतें घेऊन ठाण्याच्या खाडींत शिरला व किल्ल्यावर मारा करूं लागला. मुंबईकर इंग्रजांनीं ह्या बेताची सूचना मराठ्यांस आगाऊ दिली होती. किल्ल्यावरून सुटलेल्या तोफेच्या गोळ्यानें पेद्रु द मेलु ठार झाला व गलबतें माघारीं फिरलीं. ज्या किल्ल्याचा पाया पोर्तुगीजांनींच घातला होता, त्याच्याच बुरुजांपुढें त्यांचा सेनापति पडला. जमाखर्चाच्या भाषेंत बोलावयाचें तर गेलेली रक्कम ह्या दिवशीं व्याजासह अंगावर आली.

१७३९ च्या आरंभीं चिमाजी आप्पा पुन्हां कोंकणांत उतरले. तारापूर जानेवारींत सुरुंग व शिड्या लावून घेतलें. तेथें बाजी भिवराव पडले. पुढें वेसावें व धारावी हातीं आल्यावर साष्टीच्या बाजूनें वसईची खाडी बंद झाली. गोव्याहून मदत यावी तर तिकडे घोरपडे यांची फौज उभी होती. वसईचा सेनापति मार्तिन्यु द सिल्व्हेर वेढ्यांत मारला गेला व कायतानु द सौझ परेर याजकडे अधिकार आला. दारूगोळा व पैसा संपत आला, तेव्हां त्यानें मुंबईकरांपाशीं याचना केली. इंग्रजांनीं १५,००० रुपये कर्जाऊ दिले, पण तारण मागितलें. तारण म्हणून देवळांतील चांदीचीं उपकरणीं व कांहीं पितळी तोफा मुंबईस गेल्या. ह्या गोष्टीकडे इतिहासकारांनीं जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. वेढ्यांत सांपडलेल्या सेनापतीनें शिपायांचा पगार भागविण्यासाठीं तोफा गहाण टाकाव्या, यापरतें त्या राज्याच्या दशेचें दुसरें प्रमाण कोणतें? त्याच सुमारास वांद्र्याची तटबंदी, ती मराठ्यांच्या हातीं पडूं नये म्हणून, पाडून टाकण्यांत आली. ही दुसरी हानि. तीहि मराठ्यांच्या गोळ्यानें झालेली नव्हे.

अखेर काम सुरुंगांनीं केलें. तोफांची उणीव मराठ्यांनीं कुदळी व दारू यांनीं भरून काढली, आणि तिची किंमत माणसांनीं दिली. मराठ्यांच्याच वृत्तांतांवरून त्यांचे पांच हजारांवर लोक मेले वा जखमी झाले, असें ग्रांट डफ लिहितो. पोर्तुगीजांकडील आंकडा तो ८०० देतो. तोफांवांचून तटास भिडण्याचा हा हिशोब आहे. शके १६६१, वैशाख शुद्ध पक्षांत तह झाला. शिबंदीनें हत्यारांसह, ढोल वाजवीत व निशाणें फडकवीत बाहेर पडावें, बरोबर चार तोफा व दोन गरनाळा न्याव्या, हें त्यांतील पहिलें कलम होय. २३ मे रोजीं शहर रिकामें झालें. सहा नळ्या गेल्या. बाकीच्या जागींच राहिल्या.

त्या बाकीची बेरीज पोर्तुगीज हिशोबावरून डॅन्व्हर्स यानें दिली आहे. साऱ्या युद्धांत ८ शहरें, २० किल्ले व ३४० गांवें यांबरोबर ५९३ तोफा गेल्या. हा आंकडा एकट्या वसईचा नव्हे, सबंध उत्तर प्रांताचा आहे. तो एका वेढ्यास लावण्याची चूक होऊं नये. ज्या पक्षास प्रारंभीं एक मोठी तोफ खाडीपार नेणें दुर्घट होतें, त्यास दोन वर्षांनीं सहाशेंच्या जवळपास तोफा जागेवर मिळाल्या. कोंकण किनाऱ्यावर पुढें मराठ्यांचे जे किल्ले लढते राहिले, त्यांच्या बळाचा विचार करतांना हा सांठा विसरून चालणार नाहीं.

हे सांठे स्थिर राहिले नाहींत. २८ डिसेंबर १७७४ रोजीं इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. त्यांचा आरमारी सरदार जॉन वॉटसन त्या वेढ्यांतील जखमेनें मरण पावला. १७८० च्या डिसेंबरांत गॉडर्डनें वसई घेतली. सालबाईच्या तहानें वसई मराठ्यांकडे परत आली, साष्टी आली नाहीं. किल्ल्यांबरोबर त्यांवरील तोफांनींहि धनी बदलले. यामुळें आज कोंकणांत एखादी जुनी तोफ सांपडली कीं ती कोणाची हें स्थळावरून ठरवितां येत नाहीं. तिच्या अंगावरच्या खुणा पाहाव्या लागतात. पोर्तुगीज तोफेवर बहुधा पांच लहान ढालींचें राजचिन्ह किंवा खगोलयंत्राची आकृति असते, व वजन किंताल, अरोब व आर्रातेल ह्या मापांत कोरलेलें असतें. इंग्रजी तोफेवर राजाच्या नांवाचीं आद्याक्षरें व हंड्रेडवेटांचा आंकडा आढळतो.

वसईच्या विजयाचें स्मारक म्हणून नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटा व मेणवलीची घंटा सर्वांस दाखविल्या जातात. देवाच्या दारीं बांधल्या गेल्या म्हणून त्या वांचल्या. तोफेस असा आश्रय नव्हता. पितळी तोफ धातूच्या भावानें वितळली गेली; लोखंडी तोफ बंदरावर दोर बांधण्याचा खुंट झाली किंवा मातींत गाडली गेली. उल्हासच्याच खोऱ्यांत, अंबरनाथास, इ. स. १९५३ पासून सरकारी युद्धसाहित्याचा कारखाना चालत आला आहे. तेथल्या हरएक नगाची नोंद होते. त्याच खाडीवरून गेलेल्या जुन्या तोफांची नोंद करणें आपल्यावरच आहे.

म्हणून संग्राहक बंधूंस विनंति अशी आहे. आपल्या संग्रहांतील कल्याण, ठाणें व वसई प्रांतांचीं रुमालें सोडाल तेव्हां सनदा व निवाडे यांवरच थांबूं नका. किल्ल्यांच्या जिन्नसवार यादी, दारू व शिसें यांचे हिशोब, लोहार-सुतारांच्या मजुरीच्या नोंदी, नावाड्यांस दिलेली बिदागी, हे कागद रद्दी समजले जातात. त्यांच्या नकला कराव्या. आणि तोफ दिसली तर ती हलविण्यापूर्वीं लांबी, तोंडाचा व्यास, खुणा व जागा टिपून ठेवावी. जागा एकदां सुटली कीं तोफ नुसतें लोखंड उरतें.