रायफल कितीदा पुसावी? : एका नियमाचा इतिहास

सैनिकी नियमपुस्तिकांतील शस्त्रांच्या निगेची कलमे इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच वाचली जातात. अर्धस्वयंचलित रायफल किती वेळाने साफ करावी, हा प्रश्न वरवर पाहता शिपायाच्या शिस्तीपुरता वाटतो. प्रस्तुत टिपणात असे दाखवावयाचे आहे की, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा रायफलीने नव्हे, तर काडतुसाने ठरविले आहे. काडतूस बदलले आणि नियम त्याच्याबरोबर बदलला नाही, तेव्हा त्याची किंमत शिपायाने कधी श्रमाने, तर कधी प्राणाने चुकविली. प्रस्तुत लेखकाचा मूळ विषय भाषाशास्त्र होय. या प्रकरणाकडे लक्ष वेधले गेले ते एका शब्दामुळे, आणि तो शब्द पुढे ओघाने येईलच.

काळ्या दारूच्या काळी अडचण उघड होती. ही दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे उरतो. काही धुराबरोबर जातो, काही नळीला चिकटून बसतो. थोड्या फैरी झडल्या की गोळी ठासणेही जड जाई. 1857 साली ज्या एनफिल्ड काडतुसावरून एवढा प्रक्षोभ झाला, त्यास वंगण लावण्याचे एक कारण हेच होते. (चरबीच्या धार्मिक बाजूचा ऊहापोह आपल्याकडे विपुल झाला आहे, वंगण मुळात का हवे होते, याचा मात्र फारसा नाही.) तथापि मळ डोळ्यांना दिसत असल्याने नळी केव्हा पुसावी, हे शिपायास निराळे सांगावे लागत नसे.

फ्रान्सने 1886 मध्ये लेबेल रायफल स्वीकारली आणि तिच्याबरोबर धूम्रहीन दारू प्रचारात आली. या दारूचा अवशेष अत्यल्प. तेव्हा नळी कमी गंजेल अशी अपेक्षा होती. घडले ते विपरीतच. सायंकाळी तेलाने पुसून लखलखीत केलेली नळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तांबूस दिसू लागे. इंग्रजी भाषिक शिपाई म्हणत की नळीला ‘घाम’ सुटतो. बाराच्या तप्त वायूंचा अंश पोलादाच्या रंध्रांत शिरतो व पुढे काही दिवस पाझरत राहतो, अशी समजूत रूढ झाली. घाम म्हटला की रंध्रे आली, आतून बाहेर येणे आले आणि रोजच्या रोज पुसणेही आले. रूपक आणि उपपत्ती अशी एकमेकांस पोसत राहिली.

खरे कारण दारूत नव्हतेच. ते काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीत होते. अमेरिकेच्या खाणकाम विभागातील विल्बर्ट हफ यांनी 1922 मध्ये हे दाखवून दिले. टोपीतील पोटॅशियम क्लोरेट फुटल्यावर पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाच्याच जातीचा एक क्षार, नळीत उरतो. तो दमट हवेतील पाणी ओढून घेतो आणि पोलाद गंजते. काळ्या दारूच्या ढीगभर अवशेषात हा क्षार विरळ होऊन जाई. धूम्रहीन दारूने त्यास उघडे पाडले. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. गंमत अशी की, नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतण्याची ब्रिटिश सैन्यातील रीत नेमकी योग्य होती. कारण चुकीचे सांगितले जात असतानाही कृती बरोबर असू शकते, याचे हे चांगले उदाहरण म्हणता येईल.

अर्धस्वयंचलित रायफलीत हा प्रश्न अधिक बिकट झाला. अमेरिकेने 1936 मध्ये स्वीकारलेल्या गॅरंड रायफलीच्या रूढ रचनेत नळीच्या तोंडाजवळ एक बारीक छिद्र असते. त्यातून काही वायू नळीखालील पंचपात्रात शिरतो, दट्ट्या मागे ढकलतो, आणि रिकामे काडतूस बाहेर पडून नवे आत येते. म्हणजे आता क्षार नळीपुरता राहिला नाही. जेथे चिंधी सहजी पोचत नाही तेथेही तो जाऊन बसला. म्हणूनच हे पंचपात्र गंजरोधक पोलादाचे करण्यात आले. झाडल्यावर त्याच दिवशी गरम साबणपाण्याने अथवा नेमून दिलेल्या द्रवाने नळी धुवावी, कोरडी करून तेल द्यावे, आणि पुढे सलग तीन दिवस पुसत राहावे, हा पाठ शिपायांस घोटून दिला जाई. त्यातील पाणी रसायनशास्त्राचे होते. तीन दिवसांच्या मुदतीत मात्र त्या जुन्या ‘घामा’चा अंश उरला होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अतिस्वच्छतेचेही मोल होते. गॅरंडची नळी मागील बाजूने पुसता येत नाही. गज तोंडाकडूनच घालावा लागतो. त्याच्या नित्याच्या घर्षणाने नळीचे तोंड झिजते आणि नेम बिघडतो. पुष्कळ जुन्या रायफलींच्या नळ्या गोळ्यांनी झिजण्याआधी तोंडाशी गजाने झिजलेल्या आढळतात.

क्लोरेट नसलेली टोपी 1920 च्या दशकाअखेर शिकारीच्या काडतुसांत आली होती. परंतु क्लोरेटची टोपी साठवणुकीत वर्षानुवर्षे टिकते, या भरवशावर अमेरिकी सैन्याने रायफलीसाठी तीच चालू ठेवली. 1941 मध्ये स्वीकारलेल्या हलक्या कार्बाइनच्या बाबतीत मात्र निर्णय निराळा झाला. तिचा आखूड दट्ट्या नळीखाली पक्का बसविलेला असे व खास हत्याराविना निघत नसे. शिपायास तो पुसता येणार नाही, हे गृहीत धरून तिच्या काडतुसास आरंभापासूनच न गंजविणारी टोपी देण्यात आली. येथे यंत्राची अडचण ओळखून काडतूस बदलले गेले. असा शहाणपणा या इतिहासात विरळाच आहे.

1950 च्या दशकात सैन्याच्या रायफलीच्या काडतुसांतूनही क्लोरेट गेले. पण सवयी गेल्या नाहीत. प्रस्तुत लेखकास विद्यार्थीदशेत राष्ट्रीय छात्र सेनेत रायफल पुसण्याचा पाठ मिळाला, तो जुन्याच वळणाचा. साफ करण्यास चार इंच बाय दोन इंचांची ‘चिंदी’ आणि तेल देण्यास चार बाय दीडची. मराठी ‘चिंधी’तील महाप्राण तेथे गळालेला होता, आणि तो उच्चारल्यास उस्ताद हटकून दुरुस्ती करीत!

नियम टिकून राहिल्याने फार तर श्रम वाया जात. तो सैल सोडल्याने काय होते, हे व्हिएतनाममध्ये दिसले. एम-16 रायफल एकेक गोळीही झाडते आणि सलगही. तिच्यात वायू थेट मागच्या यंत्रणेत सोडलेला असल्याने काजळी तेथेच साचते. ती मूळ ज्या दारूवर पारखली गेली होती, ती 1964 मध्ये बदलून गोल दाण्यांची दारू घेण्यात आली. या दारूत अधिक प्रमाणात असलेल्या कॅल्शियम कार्बोनेटाचा थर साचू लागला आणि गोळ्या झाडण्याचा वेगही वाढला. त्याच सुमारास ही रायफल जवळजवळ आपोआप स्वच्छ राहते अशी ख्याती पसरलेली होती. पुष्कळ तुकड्यांना पुसण्याचे साहित्य व शिक्षण पुरेसे मिळाले नाही. काडतुसाच्या कोठीस क्रोमचा मुलामा नसल्याने ती दमट हवेत गंजे. झाडलेले काडतूस आतच अडके, आणि ऐन चकमकीत तोंडाकडून गज घालून ते बाहेर ढकलावे लागे. अशा अडकलेल्या रायफलींशेजारी सैनिक मृत आढळले. काँग्रेस सदस्य रिचर्ड इकॉर्ड यांच्या उपसमितीने ऑक्टोबर 1967 मधील आपल्या अहवालात दारूच्या बदलावर कठोर ठपका ठेवला. पुढे कोठीस क्रोमचा मुलामा आला, साहित्य वाटले गेले, आणि शिपायांसाठी विल आयस्नर या चित्रकाराकडून एक सचित्र पुस्तिकाही काढविण्यात आली. तीत रायफल केव्हा व कशी पुसावी, हे पुन्हा पहिल्यापासून शिकविले होते.