हुंडीचा खोखा आणि डिजिटल कोड

बंगळूरला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याला कार्यालयाकडून बक्षीस म्हणून एका संगणकीय खेळाचा कोड मिळाला. तो त्याच्या उपयोगाचा नव्हता. म्हणून त्याने तो एका ऑनलाइन बाजारपेठेत तीन हजार रुपयांस विकला. दुसऱ्याच दिवशी ‘कोड आधीच वापरलेला निघाला’ अशी गिऱ्हाइकाची तक्रार आली, आणि बाजारपेठेने रक्कम गिऱ्हाइकास परत केली. पैसेही गेले आणि कोडही गेला. ‘‘मामा, तुम्ही इतकी वर्षे सरकारात आहात, विकणाऱ्याच्या बाजूने कायदा काय म्हणतो?’’ असे त्याने विचारले. त्या रात्री मी जुनी पुस्तके काढून बसलो.

माल हातचा गेला आणि पैसे आले नाहीत तर काय, हा प्रश्न व्यापाराइतकाच जुना आहे. टपाल खात्याने 1877 साली व्हॅल्यू पेएबल पद्धत, म्हणजे आपली ‘व्ही.पी.’, सुरू करून त्यावर एक सुरेख तोड काढली. पोस्टमनच्या हाती पैसे पडल्यावाचून पुडके सुटत नसे. खुद्द इंग्लंडात अशी सोय 1926 साली आली, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. इंदूर-बडोद्याच्या मराठी वाचकाने मुंबईहून मागवलेले पुस्तक व्ही.पी.ने सोडवून घ्यावे, हे आमच्या लहानपणीही नित्याचे होते. खात्याने स्वतःची बाजूही सांभाळली होती. 1898 च्या टपाल कायद्यात स्पष्ट लिहिले होते की घेणाऱ्याकडून रक्कम वसूल होईपर्यंत तिची जबाबदारी सरकारवर नाही. गिऱ्हाइकाने पुडके नाकारले तर ते विक्रेत्याकडे परत येई; टपालखर्च बुडे, पण माल शाबूत राही.

1930 च्या मालविक्री कायद्याची घडणही हीच आहे. ज्याचे पैसे चुकते झालेले नाहीत अशा विक्रेत्यास तो माल अडवून धरण्याचा, खरेदीदाराचे दिवाळे निघाल्यास वाटेतला माल थांबवण्याचा आणि काही अटींवर तो पुन्हा विकण्याचा अधिकार देतो. या तिन्ही अधिकारांसाठी माल कुठेतरी असावा लागतो. डिजिटल कोड म्हणजे पंधरावीस अक्षरे आणि आकडे. ती वाचली की माल पोचला. वाटेत थांबवावे असे काहीच नाही, आणि परत घेतले तरी वाचलेले न वाचलेले होत नाही.

म्हणून कोडाचे नाते मला पुडक्याशी नव्हे, हुंडीशी दिसते. हुंडीही कागदाचा तुकडाच. किंमत कागदाची नसून त्यामागच्या पेढीच्या शब्दाची. ती हरवली तर ‘पेठ’ लिहून देत, पेठही हरवली तर ‘परपेठ’. मग एकाच रकमेचे तीन कागद फिरू लागले तर? त्यावर उपाय होता. यांपैकी कोणताही एक कागद सकारला की उरलेले आपोआप रद्द होत, आणि पैसे चुकते केलेली हुंडी ‘खोखा’ होऊन पैसे देणाऱ्या पेढीजवळ पुराव्यादाखल राही. तंटा उपस्थित झाला तर महाजनांपुढे खोखा मांडता येई. कोणाला, केव्हा पैसे दिले, हे तिथल्या तिथे उघड होई.

आता भाच्याच्या प्रकरणाकडे पाहावे. कोड खोटा विकणारे आहेत, एकच कोड दोघांना विकणारेही आहेत. गिऱ्हाइकाची भीती अवास्तव नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांचा रोख ग्राहकाकडे आहे, तो त्यामुळेच. परंतु निवाडा पुराव्यावर व्हावा ना? पेपालने आपल्या विक्रेता-संरक्षणातून अमूर्त वस्तू दीर्घकाळ वगळल्या होत्या. पुढे दार किंचित उघडले, तरी भेटकार्डांसारख्या रोख रकमेच्या तोडीच्या वस्तू बाहेरच ठेवल्या. कारण समजण्याजोगे आहे. पुडक्याची पोच कुरिअरवाला देतो. कोड पाठवल्याचा निरोप दाखवता येतो, पण पाठवण्याआधी तो कोरा होता हे त्यावरून ठरत नाही. ते ठरवणारी नोंद एकाच ठिकाणी असते: कोड काढणाऱ्या कंपनीच्या संगणकात. तो कोड कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या खात्यात वापरला गेला, हे तिथे लिहिलेले असते. आजचा खोखा तोच.

माझ्या मते, तंटा झाल्यास निदान वापराची वेळ दोन्ही पक्षांना कळवण्याचे बंधन या कंपन्यांवर हवे. त्यात कोणाचे नाव फोडावे लागत नाही. सौदा संध्याकाळी सहाचा आणि वापर साडेसहाचा असेल तर संशय कोणाकडे वळतो, ते पोरालाही कळेल.

भाच्याला मी खेळाच्या कंपनीस पत्र लिहावयास सांगितले. आठ दिवसांनी उत्तर आले. कोडाच्या वापराविषयीची माहिती केवळ ज्या खात्यात तो वापरला गेला त्या खातेदारालाच देता येते, असे त्यात नम्रपणे कळवले होते.