मालमत्ता कीं माणूस ?

अमेरिकेंतील बेसबॉल ह्या खेळाची गोडी आपल्याकडील वाचकांस फारशी नाहीं, व प्रस्तुत लेखासाठीं ती असण्याचें कारणहि नाहीं. कारण येथें प्रश्न चेंडूचा नसून कराराचा आहे. तेथील धंदेवाईक बेसबॉलमध्यें एक कलम जवळजवळ शंभर वर्षें रूढ होतें. खेळाडूनें एकदां एखाद्या संघाशीं करार केला म्हणजे मुदत सरल्यावरहि त्याच्यावरील हक्क त्या संघाकडेच राही. मालकाच्या मनास येईल तेव्हां त्याला दुसऱ्या संघास देऊन टाकतां येई. खेळाडूला मात्र आपण होऊन कोठेंहि जातां येत नसे. १९२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बेसबॉल हा आंतरप्रांतीय व्यापारच नव्हे, सबब मक्तेदारीविरुद्धचा कायदा त्यास लागू नाहीं, असा निर्णय दिला आणि १९५३ सालीं तोच पुन्हा उचलून धरला. तिकिटें विकून प्रांतोप्रांतीं हिंडणारा धंदा व्यापार नव्हे असें ठरविण्यास कायद्याचें फार मोठें शिक्षण लागत असावें !

ह्या कलमाशीं झुंजलेला कर्ट फ्लड १९३८ सालीं ह्यूस्टन येथें जन्मला व कॅलिफोर्नियांत वाढला. पोरवयांत तो दक्षिणेंतील दुय्यम संघांतून खेळला, तेव्हां गोऱ्या सोबत्यांबरोबर त्याला जेवतां येत नसे. एकदां सवाना येथें दोन सामन्यांमधील अवकाशांत त्यानें आपला घामेजलेला पोषाख इतरांच्या ढिगांत टाकला. कपडे सांभाळणाऱ्या माणसानें आरडाओरडा करून तो लांब काठीनें उचलून बाजूस काढला व दूरच्या कृष्णवर्णीय वस्तींतील धोब्याकडे पाठविला. तो परत येईपर्यंत फ्लड तसाच उघडा बसून राहिला. ही हकीकत पुढें त्यानेंच सांगितली आहे. महाराष्ट्रांतील वाचकांस त्या काठीची ओळख करून देण्याची गरज नाहीं.

१९५८ पासून तो सेंट लुई येथील संघांत होता. १९६२ सालीं जॅकी रॉबिन्सनबरोबर मिसिसिपींतील जॅक्सन येथें नागरिक-हक्कांच्या सभेस तो गेला. त्या काळीं त्या गांवीं असें उघडपणें उभें राहणें जिवावरचें काम होतें. मैदानावर १९६३ पासून सलग सात वर्षें उत्तम क्षेत्ररक्षणाचें पारितोषिक त्यानें मिळविलें. संघाचे धनी ऑगस्ट बुश हे एका प्रचंड बिअर-कारखान्याचे मालक होते. १९६९ च्या मार्चमध्यें त्यांनीं खेळाडूंना एकत्र बसवून, वार्ताहरांच्या देखत, पैशाच्या गोष्टींनीं प्रेक्षक विटतील अशा अर्थाचें व्याख्यान दिलें. फ्लडला तें फार लागलें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत त्याला न विचारतां फिलाडेल्फियाच्या संघास देण्यांत आलें.

२४ डिसेंबर १९६९ रोजीं त्यानें बेसबॉलचे आयुक्त बोवी क्यून ह्यांना पत्र लिहिलें. आपण खरेदी-विक्रीची वस्तु नाहीं, बारा वर्षांच्या सेवेनंतर इतर संघांचें म्हणणें ऐकून घेण्याचा आपला हक्क आहे, असें त्यांत होतें. वर्षाला ९०,००० डॉलर घेणाऱ्या माणसानें गुलामगिरीची भाषा बोलावी ह्याची अनेकांनीं थट्टा केली. त्यावर, पगार मोठा असला तरी गुलाम तो गुलामच, असें त्याचें उत्तर होतें. मला स्वतःला ही उपमा थोडी ताणलेली वाटते. पण ती काठी आठवली म्हणजे ताणण्याचा अधिकार त्यालाच होता असेंहि वाटतें. मालकांचा युक्तिवाद सर्वस्वीं पोकळ नव्हता. होतकरू मुलांच्या शिक्षणावर त्यांचा खर्च होई, आणि सर्वांस मोकळीक दिल्यास श्रीमंत संघ चांगले खेळाडू पळवतील ही भीतीहि खोटी नव्हती. परंतु हा खर्च माणसाच्या आयुष्यभराच्या स्वातंत्र्यानेंच कां फेडला जावा, ह्याचें उत्तर त्यांच्यापाशीं नव्हतें.

खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर ह्यांनीं त्याला आधींच बजावलें होतें, कीं दावा बहुधा हरशील, आणि जिंकलास तरी फळ तुझ्या पदरांत पडणार नाहीं. संघटनेच्या प्रतिनिधींनीं २५ विरुद्ध ० मतांनीं पाठिंबा दिला. त्या बैठकींत एकानें विचारलें, तूं हें काळा म्हणून करीत आहेस काय ? काळा असल्यानें मला अधिक भोगावें लागलें, पण हा दावा प्रत्येक खेळाडूसाठीं आहे, अशा आशयाचें तो बोलला. मग १९७० सालीं न्यूयॉर्कच्या कोर्टांत साक्षीला कोण आलें ? निवृत्त झालेला रॉबिन्सन आला. खेळत असलेला एकहि खेळाडू फिरकला नाहीं. मतदान करणें निराळें आणि मालकाच्या डोळ्यांसमोर पिंजऱ्यांत उभें राहणें निराळें.

१९७२ च्या जूनमध्यें सर्वोच्च न्यायालयानें ५ विरुद्ध ३ मतांनीं दावा फेटाळला. ही सवलत विसंगत आहे हें मान्य केलें, पण ती काढणें कायदेमंडळाचें काम ठरविलें. नववे न्यायमूर्ति पॉवेल ह्यांच्याजवळ बुश ह्यांच्याच कारखान्याचे भाग असल्यानें ते अलिप्त राहिले. ह्या निकालपत्राच्या आरंभीं जुन्या नामांकित खेळाडूंची लांबलचक नामावळी आहे. न्यायमूर्तींचें खेळावरील प्रेम तींत ओसंडून वाहतें.

मध्यंतरीं, १९७१ सालीं, वॉशिंग्टनच्या संघाकडून तो अवघे १३ सामने खेळला व देश सोडून मायोर्का बेटावर जाऊन राहिला. १९७५ च्या डिसेंबरांत दुसऱ्याच दोन खेळाडूंच्या तंट्यांत लवाद पीटर साइट्झ ह्यांनीं त्या कलमाची मुदत एकच वर्ष असल्याचा निवाडा दिला, आणि खेळाडू मोकळे झाले. फ्लडचा खेळ तेव्हां संपला होता. १९९७ च्या जानेवारींत घशाच्या कर्करोगाच्या दुखण्यांत तो वारला. पुढच्याच वर्षीं अमेरिकेच्या कायदेमंडळानें प्रमुख संघांतील खेळाडूंच्या नोकरीपुरती ती जुनी सवलत काढून घेतली, व त्या कायद्याला कर्ट फ्लड ह्याचें नांव दिलें.