आजाऱ्याच्या उशाशी

यवतमाळला खेटून असलेले लोहारा घ्या किंवा दारव्हा-आर्णीकडचे एखादे खेडे घ्या, घरातले माणूस गेले की संध्याकाळी भजनी मंडळी टाळ-खंजिरी घेऊन त्या अंगणात येऊन बसतात आणि त्यात कोणाला नवल वाटत नाही. दुखवट्याच्या घरी गाणे जावे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पण हीच रीत याच मराठी भाषेत पाळणारा आणखी एक समाज सह्याद्रीच्या पलीकडे, अलिबाग-पेण-रोह्याच्या पट्ट्यात राहत आला आहे, हे विदर्भात फारसे कोणाला ठाऊक नसते. तो समाज म्हणजे बेने इस्रायल, मराठी बोलणारे यहुदी. आजारपणात, नवसात आणि मरणात ते काय गातात, ते त्यांच्याकडे कुठून आले आणि वाटेत त्याचे काय झाले, हे पाहायचे तर आपल्याला बरेच मागे जावे लागेल.

सुरुवात बायबलातील एका बेचैन राजापासून होते. शौल राजाला उदासीने ग्रासले, तेव्हा सेवकांनी तंतुवाद्य वाजवणारा एक मेंढपाळ मुलगा शोधून आणला. तो वाजवू लागला की राजाला बरे वाटे. हाच मुलगा पुढे दावीद राजा झाला आणि परंपरेने १५० स्तोत्रांचा ग्रंथ, ज्याला यहुदी तेहिलीम म्हणतात, त्याच्या नावावर लावला. ही कथा सर्वांना माहीत असते. तिच्यामागचा एक विसरलेला दुवा मात्र १९५६ साली मृत समुद्राकाठी कुमरानच्या अकराव्या गुहेत सापडला. तिथल्या स्तोत्रांच्या गुंडाळीत दावीदाच्या रचनांची चक्क मोजदाद आहे. एकूण ४,०५० रचना आणि त्यांतल्या चार पीडितांवर वाजवण्यासाठी. त्याच गुहेतल्या दुसऱ्या एका गुंडाळीत पीडा घालवण्याची काही अनोळखी गाणी मिळाली आणि त्यांच्या शेवटी तेहिलीमातले ९१ वे स्तोत्र निघाले. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आजाऱ्यासाठी गायच्या गाण्यांचा एक वेगळा कप्पाच होता. ९१ व्या स्तोत्राचा हा आकडा आपण लक्षात ठेवू. तो पुढे कोकणातही भेटणार आहे.

इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले आणि तिथे गाणाऱ्या लेवी कुळातल्या गायकांचा ताफा इतिहासजमा झाला. मंदिरातली वाद्ये थांबली, उरला तो गळा. याच काळानंतर धर्मपंडितांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला : पवित्र वचन हे औषध आहे काय? तालमुद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथात ९१ व्या स्तोत्राला पीडेचे गाणे म्हटले आहे, आणि त्याच तालमुदमध्ये जखमेवर वचन पुटपुटून थुंकणाऱ्याला परलोकात वाटा नाही, असेही बजावले आहे. बाराव्या शतकात कैरोत राहणाऱ्या मैमोनिदीझ या यहुदी धर्मपंडिताने हा गुंता सोडवला. तो स्वतः नामांकित वैद्य होता, हे विसरून चालणार नाही. त्याने निवाडा दिला तो असा, की जखम बरी व्हावी म्हणून शास्त्रवचनाचा मंत्र करणे हा अपराध, कारण ती वचने आत्म्याच्या आरोग्यासाठी आहेत. पण संकट टळावे म्हणून कोणी स्तोत्रे वाचली तर हरकत नाही. औषध वैद्याने द्यावे, धीर गाण्याने द्यावा, अशी ही वाटणी होती. मला ती आजही शहाणपणाची वाटते. लोकांनी मात्र ती कधीच काटेकोर पाळली नाही आणि पुढची सगळी हकिगत या न पाळण्यातूनच रंगतदार झाली आहे.

आता आपण कोकणच्या किनाऱ्यावर येऊ. बेने इस्रायलांची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटले, सात जोडपी वाचली आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले. हे केव्हा घडले, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. समाजाचे पहिले मोठे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर ही घटना इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात नेतात. १८९७ साली लिहून झालेला त्यांचा ग्रंथ छापला गेला तो १९३७ मध्ये, तेल अवीवमध्ये. वाचलेल्यांचे वंशज गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनिवार तेली झाले आणि गावांवरून केहिमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी आडनावे त्यांना चिकटली. पुढे दाविद राहाबी नावाचा यहुदी प्रवासी त्यांच्यात आला, तेव्हा त्यांना हिब्रू प्रार्थनांपैकी ‘शेमा इस्राएल’ एवढीच ठाऊक होती, असे सांगतात. सुंता असो, लग्न असो की कोणी शेवटच्या घटका मोजत असो, तीच एक प्रार्थना. १५० स्तोत्रांचे भांडार असलेल्या धर्माची एक शाखा कित्येक पिढ्या एकाच ओळीच्या आधारावर माणसे जन्माला घालत आणि निरोप देत राहिली.

पण माणसाला आजारपणात एवढ्याने भागत नाही. त्याला नवस लागतो. हिंदू शेजारी देवीला नवस बोलत, मुसलमान शेजारी पिराला मलिदा चढवत. बेने इस्रायलांनी नवसाचा धनी म्हणून आपला पैगंबर निवडला : एलियाहू हन्नबी. बायबलात हाच संदेष्टा विधवेचे गतप्राण लेकरू जिवंत करतो आणि शेवटी अग्निरथातून सदेह स्वर्गात जातो. कोकणच्या परंपरेने त्याला आपल्याच मातीत आणले. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा दाखवतात आणि एलियाहू इथूनच वर गेला, असे सांगतात. तू बिश्वात हा झाडांचा सण जगभरचे यहुदी पाळतात. बेने इस्रायल मात्र त्या दिवसाला ‘एलियाहू हन्नबीचा उरूस’ म्हणत आले. उरूस यहुदी संदेष्ट्याचा असावा, यात कोणाला काही खटकले नाही, याचेच मला अप्रूप वाटते.

या नवसाचा विधी म्हणजे मलिदा. तो जवळून पाहण्यासारखा आहे. पोहे भिजवून त्यात ओल्या नारळाचा चव, साखर, वेलची आणि सुकामेवा कालवतात. मोठ्या ताटात त्याची रास करतात आणि भोवती केळी, खजूर, सफरचंद अशी फळे मांडतात. वर गुलाबाच्या पाकळ्या. द्राक्षारसाच्या जागी काळ्या मनुका भिजवून काढलेला शरबत. जमलेली मंडळी एलियाहूचे हिब्रू स्तवन चालीवर म्हणतात, मग आशीर्वचने होतात, मग झाडावरच्या फळाचा वेगळा, जमिनीतून येणाऱ्या पिकाचा वेगळा असे आशीर्वाद म्हणत ताट हातोहात फिरते. मूल दुखण्यातून उठले, बाळंतीण सुखरूप सुटली, परदेशातून कोणी घरी पोचले, लग्न ठरले की मलिदा. दुखवटा संपवतानाही मलिदा. मैमोनिदीझने हे पाहिले असते तर त्याने भुवई उंचावली असती, पण बंदी घातली नसती. कारण इथे मंत्राने ताप उतरवण्याचा आव नाही. गाणे येते ते बहुतेक वेळा ताप उतरल्यावर, बोललेला शब्द फेडण्यासाठी.

समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले तेही एका नवसातून. समाजी हसाजी दिवेकर हा इंग्रजांच्या फौजेतला अधिकारी टिपू सुलतानाच्या कैदेत पडला. सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन, असे तो बोलला होता, अशी आख्यायिका आहे. १७९६ साली त्याने मुंबईत मांडवीला ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, बांधले. मंदिर झाले, पण त्यात गायचे काय? ते कोचीनहून आले. एकोणिसाव्या शतकात कोचीनचे यहुदी शिक्षक मुंबई आणि कोकणात येऊन राहिले. त्यांच्यातले सॉलोमन शेल्लीम शुर्राबी १८३३ मध्ये आले आणि १८५६ मध्ये वारले, तोवर हिब्रू शिकवत आणि प्रार्थना चालवत राहिले. त्यांच्याबरोबर सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या यहुद्यांच्या, पद्धतीची प्रार्थना, स्तवने आणि चाली आल्या; शेमाच्या एका ओळीभोवती पुन्हा सारे गाणे उभे राहू लागले. तोरा, म्हणजे मोशेचे धर्मशास्त्र, वाचताना आजाऱ्याचे नाव त्याच्या आईच्या नावासह उच्चारून त्याच्यासाठी आरोग्य मागण्याची ‘मी शेबेराख’ ही जुनी प्रार्थनाही अशाच वाटांनी गावोगावच्या सभास्थानांत पोचली.

दुसरा हात लागला तो ख्रिस्ती मिशनऱ्यांचा, आणि हे वळण जरा गमतीचे आहे. धर्मांतराच्या आशेने त्यांनी बेने इस्रायलांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, बायबल मराठीत आणले. त्यांच्यातल्या जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. मुले शिकली, दावीदाची स्तोत्रे मराठीत वाचू लागली आणि अधिक पक्की यहुदी झाली. १८४६ मध्ये मुंबईत हिब्रू-मराठी हगादा, म्हणजे वल्हांडण सणाला वाचायची पोथी, शिळाछापावर निघाली. पुढे जोसेफ एझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनेचे ग्रंथ एकामागून एक मराठीत उतरवले. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या बाईला आपण काय म्हणतो आहोत हे आता कळू लागले. राजपूरकरांचे नाव मराठी भाषांतराच्या इतिहासात जितक्या ठळकपणे यायला हवे तितके येत नाही, ही आपल्या साहित्यव्यवहाराची उणीव आहे.

तरीही अर्थ कळणे वेगळे आणि मन भरून येणे वेगळे. त्यासाठी मराठी माणसाकडे एक हुकमी साधन होते, आणि १८८० च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्रायल तरुणांनी ते उचलले. त्यांनी यहुदी कीर्तन सुरू केले, त्यासाठी कीर्तनोत्तेजक मंडळी काढली, आणि बेंजामिन शिमशोन अष्टमकरांसारखे कीर्तनकार उभे राहिले. त्याच सुमारास, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला आणि घराघरात पदे गुणगुणली जाऊ लागली, हेही ध्यानात घ्यावे. यहुदी कीर्तनात पंढरीच्या जागी जेरुसलेम आले, संतांच्या जागी अब्राहाम, योसेफ आणि मोशे आले; साकी, दिंडी, आर्या, पदे तशीच राहिली, पेटी-तबला तसाच राहिला. श्रोत्याला धरून ठेवणारी गोष्ट, मध्येच उसळणारे पद आणि पुन्हा गोष्ट, हा ढाचाही तोच. भावांनी विहिरीत ढकललेल्या योसेफाची, मुलासाठी टाहो फोडणाऱ्या बापाची कहाणी ज्या चालीत ऐकायला मिळाली, ती चाल त्या श्रोत्यांच्या कानाने लहानपणापासून ओळखलेली होती. पिढ्यान्‌पिढ्या हरवलेल्या स्तोत्रांची उणीव सभास्थानातल्या हिब्रूने भरली असेल; ती जागा आपल्या घरातली वाटावी, हे काम कीर्तनाने केले असे माझे मत आहे.

मरणाच्या प्रसंगी मात्र समाज जुन्याला धरून राहिला. जाणाऱ्याच्या कानी शेमाच पडते. अंत्ययात्रेत ९१ वे स्तोत्र म्हणण्याची सेफार्दी रीत आहे, आणि इथे कुमरानची गुहा आणि कोकणातली यहुदी दफनभूमी यांची गाठ पडते : पीडितांवर गायचे ते गाणे मृताच्या सोबतीला आले. मग सात दिवसांचे सुतक, अरामी भाषेतली कद्दीश ही प्रार्थना, जिच्यात मृत्यूचा उल्लेखच नाही, नुसती देवाची थोरवी आहे, आणि ठरावीक काळाने स्मरणाचा विधी, ज्याला समाजात जियारत म्हणत. साऱ्या समाजाचे सामुदायिक दुःख, म्हणजे जेरुसलेमचा पाडाव, ज्या दिवशी आठवायचे त्या उपासाला कोकणात ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत, कारण त्या दिवशी पानात वालाचे बिरडे असे. विलापगीते हिब्रू, उपासाचे नाव फारसी वळणाचे आणि पानातली भाजी अस्सल रायगडची.

१९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्राएलला गेला. तिथे त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली गेली. विवाहाच्या प्रश्नावरून झगडा झाला आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केल्यावर तो शमला. ज्या मराठी चालींनी त्यांना सांभाळले होते, त्याच आता परकेपणाच्या खुणा ठरण्याचा धोका होता, आणि काही काळ कीर्तन मागे पडलेही. पुढे त्याला पुन्हा उभे करण्यात बायकांचा वाटा मोठा राहिला. जुन्या वह्यांतली पदे त्यांनी बाहेर काढली, जमेल तिथे पेटीवर बसवली. नोआ मस्सिल यांच्या संपादनाखाली ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक इस्राएलमधून निघू लागले तेही याच ओढीतून. त्याच सुमारास, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेत डेबी फ्रीडमन या गायिकेने तीच जुनी ‘मी शेबेराख’ हिब्रू-इंग्रजीत गुंफून गिटारवर साधी चाल बांधली. एड्सच्या साथीत होरपळणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांत ती आरोग्यप्रार्थनांच्या सभांतून गायली जाऊ लागली, आणि २०११ मध्ये फ्रीडमन वारली तोवर अमेरिकेतल्या असंख्य सभास्थानांत तिची चालच मूळ वाटू लागली होती. जुने वचन, आसपासच्या लोकांच्या कानाची चाल आणि कळणारी भाषा : कोकणच्या लोकांनी हे शंभर वर्षे आधी केले होते, फक्त त्याची बातमी कोठे छापून आली नाही.

महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तेव्हा राज्यात मूठभर हजार माणसेच उरली होती. मांडवीच्या शाआर हारहमीममध्ये प्रार्थना होते, खंडाळ्याच्या खडकाशी इस्राएलहून आलेली कुटुंबे नवस फेडायला थांबतात. आणि तिकडे लोद, रामला, अश्दोद, दिमोना, बेरशेबा इथे कोणाची शस्त्रक्रिया पार पडली, की घरात पोहे भिजत घातले जातात, एलियाहूचे स्तवन होते आणि नातवंडे, ज्यांना मराठी समजते पण बोलता येत नाही, चाल मात्र बरोबर धरतात.