११ मे : सदाशिव अमरापूरकर यांचा जन्मदिन

११ मे १९५० रोजी अहमदनगरात जन्मलेले अभिनेते सदाशिव अमरापूरकर यांनी, श्री. दा. पानवलकरांच्या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा रचलेल्या आणि गोविंद निहलानींनी दिग्दर्शित केलेल्या ‘अर्धसत्य’ (१९८३) या चित्रपटात रामा शेट्टी हा टोळीनायक साकारला, तेव्हा शस्त्र न उगारता, आवाज न चढविता, केवळ संथ, संतुष्ट मुद्रेने साऱ्या सरकारी अंमलावर मात करणाऱ्या सत्तेची जरब प्रेक्षकांच्या मनात बसली. त्याच्या दहाच वर्षे आधी जपानमध्ये किंजी फुकासाकू यांनी याकुझा या गुन्हेगारी टोळ्यांवरील चित्रपटांतून इमान व शौर्य यांचे तेजोवलय उतरवून उघडा सत्तालोभ दाखविला होता. त्याच कठोर सत्याची ही मराठी नटाने घडविलेली प्रतिमा, पुढे गाजलेल्या त्यांच्याच ‘सडक’मधील (१९९१) महाराणीच्या भूमिकेहूनही, आमच्या मते, श्रेष्ठ होय.