इंटरनेट दूरध्वनीवरील मोडेम

डायल-अप मोडेम अंकीय माहितीचे ऐकू येणाऱ्या स्वरांत रूपांतर करतो. साध्या दूरध्वनी तारेवर बिनबोभाट चालणारी ही जोडणी इंटरनेट दूरध्वनी सेवेवर मात्र वारंवार तुटते. ही सेवा आवाजाचे बहुधा २० मिलिसेकंदांचे तुकडे करून ते पाकिटांतून पाठवते. एखादे पाकीट हरवले तरी बोलणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही. मोडेमची लय मात्र तेवढ्यानेच बिघडते. त्याहून फसवा दोष घड्याळांचा. दोन्ही टोकांच्या घड्याळांत किंचित फरक असला, तरी पाकिटे क्षणभर साठवून ठेवणारा मधला बफर हळूहळू रिकामा होतो किंवा ओसंडतो आणि काही मिनिटे सुरळीत चाललेली जोडणी अचानक कोसळते.

जी.७२९ ही ८ किलोबिटची संकेतनपद्धती मानवी वाणीसाठीच घडवलेली असल्याने येथे निरुपयोगी ठरते. म्हणून ६४ किलोबिटची जी.७११ निवडावी, शांततेत पाकिटे थांबवणारी सोय बंद करावी, बफर स्थिर मापाचा ठेवावा आणि मोडेमचा वेग ९,६०० किंवा १४,४०० बिट प्रतिसेकंद इतकाच राखावा. ५६ किलोबिटचा हट्ट येथे व्यर्थ आहे.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या व्ही.१५०.१ मानकानुसार स्वरांऐवजी त्यांतून उलगडलेली माहितीच पुढे धाडता येते. खरा उपाय हाच. पण त्यासाठी दोन्ही टोकांच्या उपकरणांत ही सोय असावी लागते आणि घरगुती उपकरणांत ती क्वचितच आढळते.