कायद्याने सोडून दिलेला पंधरवडा

मी काम करतो त्या कंपनीची साइट ऑनलाइन खरेदीची आहे. त्यामुळे दिवाळीआधीचे दहा दिवस आमच्याकडे सेलचे. सेल मध्यरात्री सुरू होतो, सर्व्हरवरचा भार एकदम चढतो आणि तो उतरेपर्यंत ड्युटीवरच्या कुणाला झोप नसते. गेल्या वर्षी नेमक्या याच दिवसांत ऑफिसने 'सणासुदीतला ताण कसा हाताळावा' यावर तासाभराचं सत्र ठेवलं. दीर्घ श्वास घ्या, पाणी प्या, 'नाही' म्हणायला शिका. ते ऐकताना माझ्या फोनवर अलर्ट येतच होते.

सणाचा ताण ही ज्याच्या त्याच्या मनाची बाब आहे, असं आपण धरून चालतो. सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमधल्या काही बायकांनी मात्र तसं धरलं नव्हतं.

तेव्हा तिथे मोठमोठी डिपार्टमेंट स्टोअर्स उभी राहिली होती. नाताळ जवळ आला की ती रात्री उशिरापर्यंत उघडी असत. काउंटरवर दिवसभर उभ्या असलेल्या तरुण मुली, पैसे आणि पुडकी घेऊन धावणारी लहान पोरं, आणि दुकान बंद झाल्यावरही घरोघरी माल पोचवणारे गाडीवाले. जादा तासांचे पैसे अनेकांना मिळतच नसत.

१८९१ साली तिथे कन्झ्युमर्स लीग स्थापन झाली. जोसेफिन शॉ लोवेल तिच्या पहिल्या अध्यक्ष. नोकरांना बरं वागवणाऱ्या दुकानांची यादी लीग छापायची आणि गिऱ्हाइकांना सांगायची, खरेदी इथे करा. १८९६ मध्ये कायदाही झाला. दुकानांत काम करणारी लहान मुलं आणि एकवीस वर्षांखालच्या मुली यांना आठवड्याला साठ तासांची मर्यादा मिळाली. पण त्यात एक अपवाद होता: १५ डिसेंबर ते १ जानेवारी या काळात ही मर्यादा लागू नाही. म्हणजे जेव्हा संरक्षणाची सगळ्यात जास्त गरज, तेव्हाच कायदा रजेवर!

१८९९ मध्ये देशपातळीवर नॅशनल कन्झ्युमर्स लीग आली. तिची सूत्रं फ्लॉरेन्स केलीकडे होती. त्याआधी ती इलिनॉय राज्याची मुख्य कारखाना निरीक्षक होती, त्यामुळे कामाचे तास कसे ताणले जातात हे तिने जवळून पाहिलेलं. लीगने नाताळची खरेदी लवकर करा, अशी मोहीम चालवली. शेवटच्या आठवड्यातली आपली गर्दी म्हणजे कुणाचे तरी रात्रीचे तास, हा त्यामागचा साधा हिशेब.

१९१२ मध्ये एलेनॉर बेलमाँट आणि अ‍ॅन मॉर्गन यांनी 'निरुपयोगी भेटी रोखणारी संस्था' काढली. दुकानातल्या मुलींना नाताळला वरिष्ठांच्या भेटीसाठी वर्गणी द्यावी लागे, तीही तुटपुंज्या पगारातून. नाही म्हणण्याची सोय नव्हती. एकटीला जमत नव्हतं, ते संस्थेच्या सभासद म्हणून जमू लागलं. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टही सभासद झाले. सत्रात मला शिकवलेलं 'नाही' त्या मुली मिळून म्हणाल्या होत्या.

सगळंच साधलं असं नाही. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत ती संस्था मागे पडली. 'लवकर खरेदी करा' हे वाक्य तर दुकानदारांनाच आवडलं. त्यांनी ते जाहिरातीत घेतलं आणि हंगाम लांबवला. आमचा दहा दिवसांचा सेल त्याच वळणाचा.

आणि मी तरी कुठला साव? गेल्या वर्षी नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री अकराला मी उटणं मागवलं. पहाटे पावणेसहाला दारात एक मुलगा उभा. आईने त्याला चकली पुढे केली. "काकू, अजून अकरा पार्सलं आहेत," म्हणत तो जिना उतरलासुद्धा. त्याचं अभ्यंगस्नान किती वाजता झालं असेल?

यंदा उटणं आठ दिवस आधीच आणलंय, कोपऱ्यावरच्या दुकानातून. शिवाय टीममधल्या आम्ही पाच जणांनी मिळून मॅनेजरकडे मागणी केली, की रात्री जागलेल्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी हवी, आणि ती सेलच्या दिवसांतही.

तो म्हणाला, "बघू. आधी सीझन तर संपू दे."